प्रमिला झाली

नंदन सरांच्या हातात लेझर पॉइंटर होता. त्याचा लाल ठिपका आधी पडद्यावरच्या जॉबवरून, म्हणजे मशिनवर कापायच्या तुकड्यावरून, फिरला आणि मग आमच्या अंगावरून.

मरोळच्या इंडस्ट्रियल इस्टेटमधला आमचा गाळा. खाली मशिनं, वर ऑफिस. त्या दिवशी पाहुणे आले होते, मोठं काम देणारे. त्यांना नवं सॉफ्टवेअर दाखवायचं होतं. पडद्यावर ॲल्युमिनियमच्या एका ठोकळ्याचं मॉडेल. बटण दाबलं की सॉफ्टवेअर तो ठोकळा स्वतःच वाचायचं. होल पिवळे व्हायचे. पॉकेट, म्हणजे वरून कोरलेले खड्डे, निळे व्हायचे. खाचा हिरव्या. कुठलं टूल लागेल, कुठल्या बाजूने कापायचं, तेही तेच ठरवायचं. याला फीचर रेकग्निशन म्हणतात. पाहुणे खूश झाले. त्यातला एक गमतीने म्हणाला, "माणसं ओळखतं का हो हे?"

"माणसांना सॉफ्टवेअर कशाला?" नंदन सर म्हणाले. "ते मी करतो."

ठिपका परबच्या शर्टावर गेला. परब आमचा सेटर, मशिनवर जॉब लावणारा, मालवणकडचा. "हे कोकण. मासे, भजन आणि गणपतीत रजा."

"रजा नाय दिलात तर जॉब वाकडे येतले, सर," परब म्हणाला. सगळे हसले.

ठिपका माझ्या छातीवर आला. मी कॅड सेक्शनचा, म्हणजे कॉम्प्युटरवरच्या ड्रॉइंगचा, सीनिअर. गाळ्यात सगळे मला काका म्हणायचे. "हे आमचे काका. वेळवणकर. बोलणं ऐका त्यांचं, किती स्वच्छ. आमच्यातलेच."

मग ठिपका प्रमिलाकडे वळला. ती कीबोर्डवर बसली होती. सगळा डेमो तीच चालवत होती. ठिपका तिच्या गालावर थांबला.

"आणि इथे एकच फीचर आहे. आडनाव. कांबळे. कॉलेजात ऑटोमॅटिक सिलेक्ट, नोकरीत ऑटोमॅटिक सिलेक्ट."

पाहुणे हसले. ठिपका गालावरून वर सरकला. प्रमिलाने डोळ्यापुढे हात धरला.

"सर, डोळ्यात जातंय," ती म्हणाली.

एवढंच म्हणाली. मग दुसरा ठोकळा उघडला आणि बटण दाबलं.

मी हसलो होतो. दात दिसतील इतपत. हे आधीच लिहून ठेवतो, म्हणजे पुढे वाचताना कुणी मला वेगळं काढणार नाही.

माझंही आडनाव कांबळे.

वेळवणकर हे मी नंतर घेतलेलं. वेळवण आमचं गाव. आडनाव बदलण्याचं कारण मोठं नाही. माझ्या पहिल्या नोकरीत एक फोरमन होता. मी माप घ्यायचा मायक्रोमीटर द्यायला हात पुढे केला की म्हणायचा, "टेबलावर ठेव." मी टेबलावर ठेवायचो. तो उचलायचा, फडक्याने पुसायचा, मग बघायचा. बाकीच्यांच्या हातातून थेट घ्यायचा. कधी शिवी दिली नाही. आवाज चढवला नाही. फक्त टेबलावर ठेव. पुढे मी टेबलावरच ठेवायला लागलो, न सांगता. एक दिवस ते माझ्या लक्षात आलं. कुणी सांगत नव्हतं तरी मी ठेवत होतो. त्यानंतर मी रीतसर आडनाव बदललं, नोकरी बदलली, घाटकोपरची टेकडी सोडून मुलुंडला सोसायटीत घर घेतलं. बोलणं बदललं. ते सगळ्यात अवघड गेलं आणि तेच सगळ्यात पक्कं झालं. आता मला झोपेतही तसंच बोलता येतं.

टेकडीवर माझा एक दोस्त होता, बाळू. आम्ही एकत्र आयटीआय केलं. तो तिथेच राहिला, नावासकट. प्रमिला त्याची मुलगी.

तिचा इंटरव्ह्यू मीच घेतला. डिप्लोमा चांगला होता, हातही चांगला होता. निघताना दारात ती हळू आवाजात म्हणाली, "बाबांनी नमस्कार सांगितलाय. आणि म्हणालेत, तिथे ओळख दाखवायची नाही."

"बरं," मी म्हणालो.

ओळख न दाखवणं तिला फार सोपं गेलं. गाळ्यात सगळेच मला काका म्हणत, त्यामुळे तिच्या काका म्हणण्याकडे कुणाचं लक्ष गेलं नाही. डबा खाताना ती तिच्या मैत्रिणींबरोबर बसायची, मी ऑफिसातल्या लोकांबरोबर. चौदा एप्रिलला ती रजा घ्यायची. मी घ्यायचो नाही. दुसऱ्या दिवशी ती आली की आम्ही एकमेकांकडे बघायचो नाही. एकदा फक्त तिने माझ्या टेबलावर एक लाडू ठेवला आणि पुढे गेली. मी तो ड्रॉवरमध्ये ठेवला. संध्याकाळी घरी नेला नाही. खाल्लाही नाही.

आता ज्या जॉबवरून पुढचं सगळं झालं त्याचं सांगतो.

बाहेरून जी मॉडेलं येतात ती मुकी असतात. बनवणाऱ्याने आधी काय काढलं, नंतर काय कापलं, मनात काय होतं, हे फाइल एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात येताना गळून पडतं. उरतो फक्त आकार. फीचर रेकग्निशन त्या आकाराकडे बघून अंदाज करतं. हा गोल आत गेलाय, म्हणजे होल. हा तळ सपाट आहे आणि चारी बाजूंनी भिंती आहेत, म्हणजे पॉकेट. बहुतेक वेळा बरोबर असतं. चुकतं ते जिथे एक गोष्ट दुसरीला छेदून जाते तिथे.

ह्या जॉबच्या ठोकळ्यात मधोमध पॉकेट होतं आणि दोन्ही बाजूंच्या भिंतींत एकेक होल. त्या होलांतून एक सळई सरकणार होती, ह्या भिंतीतून आत, पॉकेटमधून पलीकडे, त्या भिंतीतून बाहेर. म्हणजे होल मुळात एकच. मध्ये पॉकेट आल्यामुळे त्याचे दोन तुकडे दिसतात. पूर्वी आम्ही कागदावर ड्रॉइंग काढायचो तेव्हा दोन्ही भिंतींतून एकच मध्यरेषा ओढलेली असायची, त्यामुळे कळायचं. मॉडेलमध्ये ती रेषा नसते. सॉफ्टवेअरने दोन होल धरले. अर्धं काम ह्या बाजूने, मग जॉब उलटा करून अर्धं त्या बाजूने.

प्रमिला माझ्या टेबलाशी आली. "काका, हे दोन नाहीत. एकच आहे. एका बाजूने एकाच वेळी आरपार मारायला पाहिजे. उलटा करून मारला तर लाइन जाणार. सळई अडकेल."

मी बघितलं. तिचं बरोबर होतं. मला ते तिने सांगायच्या आधी दिसलं असतं का, याचं उत्तर मी स्वतःला बरीच वर्षं हो असं देत आलो. खरं उत्तर मला माहीत नाही.

"मग बदल," मी म्हणालो.

"कसं बदलू? सरांनी सांगितलंय, ह्या लॉटला हाताने एक एंट्री करायची नाही. पाहुण्यांना दाखवायचंय की माणसाचा हात लागलेला नाही. तुम्ही बोला ना त्यांच्याशी. मी बोलले तर म्हणतील, आली शहाणी."

"बघतो," मी म्हणालो.

मी गेलो. केबिनपर्यंत गेलो, आतही गेलो. नंदन सर फोनवर होते. हाताने बसायची खूण केली. माझ्यासाठी चहा मागवला. फोन ठेवून म्हणाले, "काका, रविवारचं लक्षात आहे ना? घरी पूजा आहे. वहिनींना घेऊन या. आई म्हणत होती, वेळवणकरांना जेवूनच पाठव."

"येतो," मी म्हणालो.

"काही काम होतं?"

मी तिथे बसून जो विचार केला तो तसाच लिहितो. मी तिची बाजू घेतली तर हे विचारतील, हिच्यासाठी काका का आले. विचारलं नाही तरी मनात येईल. एकदा मनात आलं की हे माझ्याकडे नीट बघायला लागतील. आतापर्यंत कुणी नीट बघितलं नव्हतं. नीट बघू नये यासाठीच मी सगळं केलं होतं.

"काही नाही. सगळं ठीक चाललंय."

बाहेर आलो. प्रमिलाने मान वर केली. मी म्हणालो, "चालू दे आहे तसं." मॉडेलवर ओके मारला. माझ्या ओकेशिवाय प्रोग्राम खाली मशिनवर जात नसे.

रविवारी पूजेला गेलो. पंगतीत बसलो. शिरा दोनदा घेतला.

लॉट कापून झाला. परबने सळई घालून बघितली. पहिल्या भिंतीतून गेली, दुसरीत अडली. दुसरा ठोकळा घेतला, तोही तसाच. परब वर आला आणि ठोकळा माझ्या टेबलावर ठेवून म्हणाला, "काका, ह्यां काय झालां? दोन होल एकमेकांक भेटाक तयार नाय."

सगळा लॉट स्क्रॅप.

दुपारी नंदन सरांनी सगळ्यांना वर बोलावलं. टेबलावर ठोकळा. सर उभे. "हे कुणाच्याच लक्षात आलं नाही?"

"माझ्या आलं होतं," प्रमिला म्हणाली. "मी काकांना सांगितलं होतं."

सर माझ्याकडे वळले. रागाने नाही. आपल्या माणसाकडे वळतात तसे. "काका? हिने सांगितलं होतं?"

"नाही," मी म्हणालो.

मी विचार करून खोटं बोललो असं नाही. विचार करायला वेळ लागलाच नाही. तो शब्द आधीच तयार होता, मायक्रोमीटर टेबलावर ठेवायचा हात तयार असायचा तसा.

प्रमिला माझ्याकडे बघत राहिली. मी तिच्या खांद्यामागच्या कॅलेंडरकडे. तिला एकच वाक्य बोलायचं होतं. हे वेळवणकर नाहीत, आमच्या टेकडीवरचे कांबळे आहेत, माझ्या वडिलांबरोबर शिकलेले. ते वाक्य तिच्या तोंडात होतं, हे मला दिसत होतं. तिने ते गिळलं.

"ठीक आहे," ती म्हणाली.

"ह्यांना जागा मिळते," नंदन सर म्हणाले, "नजर कुठून मिळणार?"

ती जागेवर गेली. डबा, पाण्याची बाटली, पट्टी पिशवीत भरली. पट्टी तिची स्वतःची होती, स्टीलची. जाताना परबला म्हणाली, "येते हं परब." परब म्हणाला, "ये गो बाय." माझ्या टेबलाजवळून गेली तेव्हा तिने चाल बदलली नाही. ना हळू, ना भरभर.

ती परत आली नाही.

मला वाटलं होतं की नंतर काहीतरी वाटेल. झोप उडेल, जेवण जाणार नाही. तसं झालं नाही. झोप लागायची. बाळूचा फोन येईल असं वाटलं, तोही आला नाही. काही वर्षांनी बाळू गेला. निरोप आला होता. मुलुंडहून घाटकोपर लांब नाही. मी गेलो नाही. बायकोने विचारलं, कुणाचा फोन होता. म्हटलं, जुन्या कंपनीतला एक होता.

अजून एक लिहायचं आहे. ते मी कुठेच बोललो नव्हतो.

प्रमिला गेल्यावर थोड्याच दिवसांत आणखी एक जॉब गेला. टूल तुटलं, पृष्ठभागावर चरा पडला. कुणाचीच चूक नव्हती. नंदन सर तणतणत खाली आले. मशिनभोवती सगळे जमले होते. "काय झालं?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "काय होणार सर. प्रमिला झाली."

सर थांबले. मग मोठ्याने हसले. त्यांचा राग गेला. माझ्या पाठीवर थाप मारली. पोरंही हसली. परब हसला नाही. तो त्या दिवशी हसला नाही. पुढे त्याच्याही तोंडात बसलं.

मग ते चालूच राहिलं. जॉब बिघडला, प्रमिला झाली. प्रोग्राम चुकला, प्रमिला झाली. शेजारच्या गाळ्यात ग्राइंडिंगवाले होते, त्यांनी उचललं. पलीकडे ॲल्युमिनियमवर थर चढवणारे ॲनोडायझिंगवाले, त्यांनी उचललं. पोरं नोकऱ्या बदलतात, एका गाळ्यातून दुसऱ्यात जातात, त्यांनी सगळ्या इस्टेटमध्ये नेलं. टपरीवर चहा सांडला तरी प्रमिला झाली. नव्या पोरांना वाटायचं, हा असाच शब्द आहे, कारखान्यातला. ह्या नावाची कुणी बाई होती, हे त्यांना माहीतही नव्हतं. मी रिटायर होईपर्यंत रोज ऐकत होतो. मीही म्हणत होतो.

नंतर कंपनीने सॉफ्टवेअरमध्ये स्वतःचा एक नियम घातला. पॉकेटच्या दोन्ही बाजूंना एकाच मापाचे, एकाच रेषेत होल दिसले की पडद्यावर चौकट उघडते आणि विचारते, हे एकच होल आहे का? नियम चांगला आहे. अनेक जॉब त्याने वाचवले. त्याला नंदन सरांनी नाव दिलं, प्रमिला चेक. पडद्यावर तसंच येतं, इंग्रजी अक्षरांत.

गोरेगावला प्रदर्शन होतं तेव्हा मला घ्यायला गाडी पाठवली. स्टॉलवर माझा सत्कार ठेवला होता. मी सत्तरी ओलांडली आहे. जुना माणूस स्टॉलवर बरा दिसतो. शाल दिली. खुर्चीवर बसवलं. समोर पंचवीस-तीस माणसं उभी. मोठा पडदा. पडद्यावर तोच ठोकळा फिरत होता. नंदन सरांच्या हातात माइक आणि दुसऱ्या हातात पॉइंटर. केस पांढरे झालेत त्यांचे. ठिपका तसाच लाल.

चौकट उघडली. प्रमिला चेक. लोक हसले. काहींना नाव माहीत होतं.

"ह्याची गोष्ट आहे," सर म्हणाले. "आमच्याकडे एक मुलगी होती. कशी आली होती ते विचारू नका, सगळ्यांना माहीत आहे अशा मुली कशा येतात. तिने सगळा लॉट घालवला. मग हे आमचे काका. ह्यांच्या नजरेने पकडलं की होल एकच आहे. त्यावरून हा चेक आला. नाव मात्र तिचं ठेवलं, पुन्हा कुणी तशी चूक करू नये म्हणून. काका, तुम्हीच सांगा, कसं पकडलंत?"

मी उठलो. माइक माझ्या हातात आला. थेट हातात. मी त्याच्याकडे बघितलं. मग ठोकळ्याकडे. ठिपका त्या दोन होलांवर नाचत होता.

माझ्यात काही उसळलं वगैरे नाही. मला फक्त एवढं कळलं की मी आता जर बोललो, कसं पकडलं ते, तर तिचं जे काही तिच्याकडे उरलं असेल तेही मी घेतलेलं असेल. बदनामी तिच्या नावावर आणि नजर माझ्या नावावर. आणि हे मी झोपेतही करू शकलो असतो, त्याच स्वच्छ भाषेत.

"मी पकडलं नाही," मी म्हणालो. "प्रमिलाने पकडलं. तिने मला सांगितलं. सर, मीटिंगमध्ये तुम्ही मला विचारलंत, हिने सांगितलं होतं का. मी नाही म्हणालो. ते खोटं होतं. ओके माझा होता. लॉट मी घालवला."

कुणीतरी खोकलं.

"काका," सर हळू म्हणाले, "बसा."

"अजून एक आहे. तुम्ही एकदा पॉइंटरने सगळ्यांना ओळखलं होतंत. मला चुकीचं ओळखलं होतंत. मी तुमच्यातला नाही. तिचं आडनाव आणि माझं एकच. कांबळे."

सरांनी माझ्याकडे बघितलं. ज्या नीट बघण्याला मी आयुष्यभर भ्यायलो ते हेच. काही सेकंद टिकलं. त्यात विशेष काही नव्हतं. एक माणूस बघत होता, एवढंच.

"पाणी द्या रे ह्यांना," सर म्हणाले. "वय झालंय." माइक काढून घेतला. पडद्यावर दुसरा जॉब लावला. माझी शाल एका मुलाने घडी करून पिशवीत ठेवली. संध्याकाळी दुसऱ्या सत्काराला लागणार होती. परत जाताना गाडी मिळाली नाही. मी रिक्षाने गेलो.

प्रमिलाचा पत्ता परबने काढून दिला. घाटकोपरला पाइपलाइनच्या कडेची घरं पाडली तेव्हा तिच्या सासरच्यांना माहुलला खोली मिळाली. तिथे रिफायनरीचा वास कपड्यांत बसतो. मी दारात उभा राहिलो तेव्हा ती मटार सोलत होती. चष्मा लागलाय. तिने मला लगेच ओळखलं.

"या काका," ती म्हणाली. पाण्याचा ग्लास माझ्या हातात दिला. "बाबांच्या वेळी आला नाहीत."

"नाही."

"हा शब्द तुम्हाला बरा जमतो."

मी पाणी प्यायलो. तिने मला बसायला सांगितलं नाही, पण खुर्चीवरचे कपडे उचलले. मी बसलो. गोरेगावला जे झालं ते सांगितलं. ती मटार सोलत ऐकत होती. ती आता एका डेंटल लॅबसाठी कॉम्प्युटरवर दातांची मॉडेलं करते. प्रत्येक दात वेगळा असतो, ती म्हणाली, तिथे कुणाचं ऑटोमॅटिक चालत नाही.

"मग? टाळ्या पडल्या?" तिने विचारलं.

"नाही."

"पडतील असं वाटलं होतं का?"

मी रिकामा ग्लास खाली ठेवला.

"एक विचारू? ते 'प्रमिला झाली'. पहिल्यांदा कोण म्हणालं? मला वाटायचं परब. परबची जीभ तशी आहे."

मला परबचं नाव घेता आलं असतं. ते विचारानंतर नाही, आधीच तोंडात आलं. मी ते थांबवलं.

"मी," मी म्हणालो.

तिचा हात थांबला. शेंग अर्धी उघडलेली. मग तिने ती शेंग पूर्ण सोलली, दाणे वाटीत टाकले.

"माझी मुलगी मरोळला ट्रेनिंगला गेली होती," ती म्हणाली. "दुसऱ्याच दिवशी तिला कुणीतरी सांगितलं, सांभाळून कर गं, नाहीतर प्रमिला होईल. घरी आली आणि मला म्हणाली, आई, तुझ्या नावाची तिथे शिवी आहे. मी म्हटलं, असेल दुसरी कुणी प्रमिला."

"मी त्यांना सांगतो. सॉफ्टवेअरमधून नाव काढा म्हणून."

"कशाला? तो चेक माझाच आहे. ते राहू दे." तिने पहिल्यांदाच माझ्याकडे सरळ बघितलं. "तोंडातलं काढा. लोकांच्या तोंडातलं. तुम्ही पसरवलंत ना? तुम्हीच गोळा करा."

"प्रमिला, माझं चुकलं—"

"ते राहू दे काका. ते ठेवायला माझ्याकडे जागा नाही. खोली लहान आहे."

मी उठलो. ती दारापर्यंत आली नाही. मी जिन्यात असताना आतून कुकरची शिटी ऐकू आली.

हे मी छापायला देतो आहे ते मन हलकं करायला नाही. झालेलंही नाही. गोरेगावला बोललो, माहुलला बोललो, इथे लिहिलं, आत तसंच आहे, बधिर. ते आता तसंच राहील बहुतेक. माझं काम त्यावर अडलेलं नाही.

मरोळच्या इस्टेटमध्ये गेटापासून आत, उजव्या हाताला चहाची टपरी आहे. जेवणाच्या सुट्टीत सगळ्या गाळ्यांतली पोरं तिथे येतात. मी रोज मुलुंडहून तिथे जातो. बाकावर बसतो. कुणी म्हणालं, "यार, सकाळी प्रमिला झाली," की मी उठतो. त्याला विचारतो, प्रमिला कोण माहीत आहे का. पोरं म्हणतात, काय काका, बोलायची पद्धत आहे. मी म्हणतो, पद्धत नाही, बाई आहे. मी कांबळे. तीही कांबळे. ती बरोबर होती. चुकलो मी, आणि तिचं नाव चुकीला दिलं तेही मी. मग ते होल सांगतो, एकच असून दोन दिसतं ते. पोरांना ते लगेच कळतं. त्यांचं रोजचं काम आहे.

काही ऐकतात. काही निघून जातात. एक परवा म्हणाला, "ए, म्हातारा आला, प्रमिला बोलू नका." हसला. हसू दे. बोलला नाही ना.

नंदन सरांनी वॉचमनला सांगितलंय, ह्यांना आत सोडू नका. वॉचमन जुना आहे, अजून सोडतो. उद्या नाही सोडणार. मग मी गेटाबाहेर उभा राहीन. सगळे गेटातूनच बाहेर येतात.

त्या गल्लीत तो शब्द आहे तोवर मी आहे.